थांबायची खूण

९ जानेवारी

ही वही आईची. शिवणकामाची मापं लिहायला आणली होती, पहिली चार पानं भरलीही होती. ती फाडून उरलेली मला दिली आणि म्हणाली, डोक्यात जे काय चाललंय ते हिच्यात लिही, माझं डोकं खाऊ नकोस. तर वही, आता तुझी पाळी.

आज फॉर्म भरला. हवाई दल, अधिकारी निवड, शाखा वैमानिक. शेवटचं बटण दाबायच्या आधी सगळी पानं इतक्या वेळा तपासली की कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं, ताई, चहा मागवू का?

फॉर्म वर्षातून एकदाच निघतात आणि वयाची अट चोवीस. मला जूनमध्ये चोवीस पूर्ण होतात. पदवी हातात पडायला सहा वर्षं लागली, कारण दिवसभर साइटवर असते आणि अभ्यास बाहेरून केला. म्हणजे ही माझी पहिली वेळ आणि हीच शेवटची. आधी लेखी, मग पाच दिवसांची निवड, मग डॉक्टर. त्या पाच दिवसांत मशीनवरची एक चाचणी असते, ती तर माणसाला जन्मात एकदाच देता येते. नापास झालात की राष्ट्रपती झालात तरी पुन्हा नाही.

‘सध्याचा व्यवसाय’ या रकान्यात लिहिलं, टॉवर क्रेनला सिग्नल देणे. ‘वडिलांचा व्यवसाय’मध्ये, टॉवर क्रेन चालक. तेच बाबा, तीच क्रेन. बाबा वीस मजले उंच केबिनमध्ये बसतात. खाली काय चाललंय ते त्यांना पुष्कळदा दिसत नाही, मध्ये भिंत येते, स्लॅब येतो. मी खाली उभी राहून हाताच्या खुणांनी आणि वॉकीटॉकीवर सांगते, वर घ्या, डावीकडे, बास. पाच वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी त्यांनी मला दोनच नियम सांगितले होते. एक, लोडला, म्हणजे हुकाला टांगलेल्या मालाला, हात लावायचा नाही, लांब उभं राहून सगळं बघायचं. दोन, थांब कुणीही म्हणू शकतं, अगदी झाडणारीसुद्धा, आणि ते क्रेनवाल्यानं मानायचंच. का ते खाली आल्यावर विचारायचं.

संध्याकाळी फॉर्मची प्रत बाबांना दिली. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, तिरकी धरली आणि ‘बरं आहे’ म्हणून परत दिली. एक ओळसुद्धा वाचली नसणार. माझ्याकडे धड बघितलंही नाही, कानाकडे बघून बोलले. राग आला की गप्प बसायचं, ही त्यांची जुनी खोड. बसू देत.

१७ जानेवारी

आज माझी चूक झाली. लोखंडी सळ्यांची जुडी उतरवत होतो, मी ‘बास’ म्हणायला अर्धा क्षण उशीर केला असणार. जुडी ठरल्या जागेच्या दोन हात पुढे टेकली आणि पाण्याचं पिंप चपटं झालं. जवळ कुणी नव्हतं म्हणून निभावलं. साइटच्या साहेबानं माझी बिनपाण्यानं केली. तेवढ्यात बाबा खाली उतरून आले आणि म्हणाले, चूक माझी आहे, तिला बोलू नका.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, मला पाठीशी घालायला? आठवून बघते तर माझा सिग्नल वेळेवर होता असंच वाटतं. पण मग जुडी पुढे गेली कशी?

आणखी एक. हल्ली बाबा म्हणतात, हाताच्या खुणा नकोत, वॉकीटॉकीवरच बोलत राहा, सतत बोल, किती हात उरलंय ते मोजून सांग. ज्यांनी मला आरशासमोर उभं करून महिनाभर खुणा शिकवल्या तेच आता खुणांना नाकं मुरडतात. दिवसभर बडबडून माझा घसा बसलाय.

२ फेब्रुवारी

लेखी परीक्षा झाली. गणित सोपं होतं. इंग्रजीचा एक उतारा मधमाश्यांवर होता, त्यातली एकही माशी मला चावली नाही.

मी परीक्षेला गेले म्हणून बाबांनीही आज रजा टाकली. कंबर धरलीय म्हणे. मागे मी दोन दिवस तापानं पडले होते तेव्हाही यांची कंबर धरली होती. त्या कंबरेला माझं फारच अगत्य. साहेबानं बदली सिग्नल देणारा दिला होता, तरी हे वर चढायला तयार झाले नाहीत. मी आईला म्हटलं, हा सरळ सरळ रुसवा आहे, मी गेल्यावर काम अडतं हे मला दाखवायचंय. आई तोंडात टाचण्या धरून शिवत होती. टाचण्या काढल्यावरही काही बोलली नाही.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. संध्याकाळी बाबांनी आपणहून कुलूप काढलं. लहानपणी ते मला असंच शिकवायचे. पट्टीच्या टोकाला दोरी, दोरीला कुलूप, आणि ते कुलूप न झुलवता एका कपावरून उचलून दुसऱ्या कपावर नेऊन टेकवायचं. लोड झोका घ्यायला लागला की नवशिका त्याच्या मागे धावतो आणि झोका वाढतो. त्याच्या मागे धावायचं नाही, तो जिथे जाणार तिथे आधी जाऊन वाट बघायची. त्या मशीनवर असंच काहीतरी असतं म्हणतात ना, बाबा म्हणाले, मग कर सराव.

तासभर केला. बाबा शेजारी डोळे मिटून बसले होते आणि कुलूप कपाला लागल्याच्या आवाजावरून चुका सांगत होते. एकही सुटली नाही.

११ फेब्रुवारी

क्रेन चालवणाऱ्यांची वार्षिक तपासणी परवा आहे. बाबांचं काय बिघडलंय कोण जाणे. सकाळी दाढी करताना, बूट घालताना, जिना उतरताना तोंडानं सारखं पुटपुटणं चाललंय. पी, ई, सी, एफ, डी. मग दम घेऊन ई, डी, एफ, सी, झेड, पी. मी विचारलं, हा कुठला मंत्र? म्हणाले, नव्या वायर रोपचा नंबर आहे, साहेब विचारतो, पाठ करून ठेवतोय. मी म्हटलं, कागदावर लिहून खिशात ठेवा की. तर हसले.

आता तो नंबर माझ्याही डोक्यात बसलाय. आज जिन्यात मीच म्हणत होते.

१४ फेब्रुवारी

बाबा कालच्या तपासणीत पास. आल्या आल्या पलंगावर आडवे झाले आणि दुपारभर झोपले. एवढं काय दमायचं असतं त्यात?

५ मार्च

लेखी पास! निवडीचं पत्र आलं. तेरा तारखेला हजर व्हायचं. आईनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि मशीनवर अर्धवट असलेला झगा बाजूला टाकून माझ्या पँटची शिलाई दुहेरी करायला बसली. अडथळे चढताना उसवली तर शोभा होईल म्हणे.

बाबांनी एवढंच विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, निवडीचे पाच, पास झाले तर पुढे डॉक्टरी तपासणी, सगळे मिळून चौदा. ते बोटांवर मोजत बसले. मग म्हणाले, ‘तेवढी रजा शिल्लक आहे.’

माझ्या रजेचं मी बघते, असं मी फटकन बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. पुन्हा कानाकडे बघत. मला वाटलं ओरडावं, बाबा, एकदा तरी माझ्या तोंडाकडे बघून सांगा की जाऊ नकोस, म्हणजे मला भांडता तरी येईल!

मी जाणार. कुणी रुसो, कुणाची कंबर धरो.

१३ मार्च

पोचले. लांबलचक बराक, लोखंडी खाटा, दर खाटेशेजारी एक उंच कपाट. इथे नावानं कुणी हाक मारत नाही. छातीवर नंबराचं फडकं बांधतात, तोच माणूस. मी चौदा नंबर. शेजारच्या खाटेवर नऊ नंबर आहे, ती तिसऱ्यांदा आलीय (मशीन पहिल्याच वेळी पास, मुलाखतीत अडते), त्यामुळे तिला न्हाणीघरात गरम पाणी किती वाजता येतं हेसुद्धा माहीत. समोर अकरा नंबर. उंच, आवाज खणखणीत, बोलायला लागली की बाकीच्यांनी फक्त माना डोलवायच्या.

पहिल्याच दिवशी चाळणी होते. पासष्टजणींतून चोवीस राहिलो. बाकीच्या दुपारच्या बसनं परत गेल्या. त्यातली एक रडत नव्हती, नुसती नंबराच्या फडक्याची घडी घालत होती. तिच्याकडे बघवलं नाही.

१५ मार्च

कप्पाळ माझं.

आज मैदानावर गटाची कामं होती. फळी, दोर आणि दोन पिंपं एवढ्यावर आखलेली जागा ओलांडायची. जमिनीला पाय लागता कामा नये, एक जड पेटीही सोबत न्यायची. शिट्टी झाली आणि सगळ्या फळीवर तुटून पडल्या. मी काय केलं? तीन पावलं मागे सरकले आणि हातानं खुणा करायला लागले. डावं टोक वर, बास, आता फिरवा. पाच वर्षांची सवय, लोडला हात लावायचा नाही! नऊ नंबर मला म्हणाली, तू काय ट्रॅफिक हवालदार आहेस? तेव्हा कुठे मला कळलं की मी एकटीच रिकाम्या हातानं उभी आहे, आणि वही घेतलेले अधिकारी माझ्याकडेच बघतायत.

मग धावत जाऊन पेटी उचलली. तेवढ्यात अकरा नंबर फळीवर चढली. फळीचं पलीकडचं टोक बांधलेलं नव्हतं, मला दिसत होतं. पेटी खाली टाकली, दोन्ही हात आडवे पसरले आणि साइटवर ओरडते तशी ओरडले, थांब! सगळ्या जागच्या जागी थिजल्या. अकरा नंबर उतरली, दोर बांधला, आणि वेळ संपली. काम अर्धवट.

अकरा नंबर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच आहे. मी तिच्या जागी असते तर चार शब्द सुनावले असते.

आता मशीन आणि मुलाखत उरलीय. हातपाय गाळून चालणार नाही. झालं ते झालं.

१६ मार्च

मशीन. बंद खोली, पुढ्यात पडदा, हातात दांडा, पायाखाली दोन पट्ट्या. पडद्यावरचा ठिपका मनाला येईल तसा पळतो, त्याच्यावर फुली धरून ठेवायची. मधेच लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो, ते डाव्या हातानं बंद करायचे. बाहेर येणाऱ्या मुलींचे चेहरे पांढरे पडले होते.

मी बसले आणि पहिलं मिनिट त्या ठिपक्याच्या मागे धावण्यात घालवलं. मग कुलूप आठवलं. मागे धावायचं नाही, तो जिथे जाणार तिथे आधी जायचं. त्यानंतर फुली ठिपक्यावर जी बसली ती बसली. भोंगे वाजत राहिले, मी ते आमच्या साहेबाच्या ओरडण्यासारखे एका हातानं मिटवत राहिले. बाबा, तुम्ही कितीही रुसा, आजची चाचणी तुमच्या कुलपाची होती.

दुपारी मुलाखत. अधिकारी वयस्क होते, आवाज मऊ. मैदानावर लांब का उभी राहिलीस, असं पहिलंच विचारलं. मी खरं तेच सांगितलं, सवय. मग फळीचं विचारलं. म्हणाले, गटाची वेळ गेली, काम बुडालं, पुन्हा तशी वेळ आली तर? मी म्हटलं, पुन्हा थांबवीन. आमच्याकडे थांब कुणीही म्हणू शकतं आणि क्रेनवाल्यानं मानायचंच असतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘आणि क्रेनवर तुझे वडील असतील तर?’

‘तरीही,’ मी म्हटलं. ‘नियम त्यांनीच शिकवलाय.’

लगेच वाटलं, फार चढेल बोललो आपण.

१७ मार्च

नंबर पुकारले. चोवीसजणींतून दोनच. अकरा. चौदा.

चौदा म्हणजे मी! बराच वेळ मी उभीच राहिले नाही, नऊ नंबरनं मला कोपरानं ढोसलं. तिचा नंबर नव्हता, आणि आता तिचं वय संपलं. तिनं आपल्या कपाटाचं कुलूप मला दिलं, म्हणाली, तपासणीच्या बराकीत कपाटं आहेत पण कुलपं देत नाहीत, तू घे. अकरा नंबर आली आणि म्हणाली, परवा मी पडले असते. एवढंच बोलून गेली.

घरी फोन केला. आई रडली. बाबा म्हणाले, मशीन कसं झालं? मी म्हटलं, कुलपासारखं. तर ते इतके मोकळे हसले की मला आकाश ठेंगणं झालं. मग हा माणूस रुसलाय तरी कशावर?

२३ मार्च

हे लिहिताना अक्षर वाकडं येतंय.

आज डोळ्यांची तपासणी होती. डॉक्टर बाई वयानं आईएवढ्या, गणवेशातल्या. अंधारी खोली, समोर पाटी, अक्षरांची एकेक ओळ दिव्यानं उजळते. डावा डोळा झाकून वाचत गेले. पाचवी ओळ आली, पी, ई, सी, एफ, डी. मी वाचली, आणि न थांबता पुढे बोलून गेले, ई, डी, एफ, सी, झेड, पी.

मग डॉक्टर म्हणाल्या, ‘पुढच्या ओळीचा दिवा मी अजून लावलेला नाही.’

पाठ करून आलीस का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, घरी ऐकलंय. कुणाकडून? वडिलांकडून. ते काय करतात?

मी म्हणाले, निवृत्त आहेत.

खोटं बोलले. विचार करून नाही, तोंडातून तेच आलं. त्यांनी पाटी बदलली, दुसरी लावली, तिसरी लावली, ओळी उलट्या वाचायला लावल्या, दोन्ही डोळ्यांनी, वेगवेगळ्या. मी सगळ्या वाचल्या. एकही अक्षर चुकलं नाही. शेवटी त्यांनी कागदावर शिक्का मारला. मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून विचारलं, वडील बोलताना तुझ्याकडे बघतात का?

मी म्हटलं, कानाकडे बघतात.

त्या म्हणाल्या, मधलं दिसेनासं झालं की माणूस कडेनं बघायला शिकतो. त्यांना लवकर दाखव.

बाहेर बाकावर बसले. तिरका धरलेला फॉर्म. हाताच्या खुणा नकोत, सतत बोल. मी नसले की धरणारी कंबर. दोन हात पुढे टेकलेली जुडी. चौदा दिवसांची रजा, ती माझी नव्हे, त्यांची! मला सगळं दिसत होतं, रोज लिहीतही होते. आणि मी म्हणे रुसलेत. एवढी मोठी वैमानिक व्हायला निघालेली, घरातलं माणूस दिसलं नाही.

ते वीस मजले वर माझ्या आवाजावर क्रेन चालवत होते. आणि मला एकदाही जाऊ नको म्हणाले नाहीत.

२७ मार्च

घरी आले. आईनं दार उघडलं आणि माझा चेहरा बघून ओळखलं. स्वयंपाकघरात मी विचारलं, तुला माहीत होतं? तिनं पदराला हात पुसले. म्हणाली, सहा महिने झाले. तुझी परीक्षा होईस्तोवर सांगू नको अशी त्यांनी मला शपथ घातली होती. मी म्हटलं, अगं, खाली माणसं असतात! ती म्हणाली, मला काय कळत नाही? रोज ते घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला असतो.

मी तिच्यावर चिडले, मग तिच्याच खांद्यावर रडले.

बाबा माझे बूट पॉलिश करत बसले होते. प्रशिक्षणाला चकचकीत हवेत म्हणाले. बोटानं चाचपून बघत होते कुठे राहिलंय का. सांगायचं ठरवून गेले होते. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी नुसती उभी राहिले आणि परत आले.

उद्या सांगेन.

२८ मार्च

रविवार. तीनदा तोंड उघडलं. एकदा म्हटलं, बाबा, चहा घेता का? तिन्ही वेळा त्यांनी चहा घेतला.

नाही सांगितलं तर काय होईल, हेही मनात आलं. लपवत कशाला? मी गेलेच नाही तर ते निवृत्तीपर्यंत माझ्या आवाजावर काढतील आणखी चार वर्षं. मी सतत बोलेन, जास्त लक्ष देईन. हे चांगलं तासभर मनात घोळवलं. मग ते पिंप आठवलं. तिथे सळ्या बांधणाऱ्या बायका बसतात, त्या दिवशी जेवायला गेल्या होत्या म्हणून.

२९ मार्च

ठरवलं होतं, सकाळी साइटवर पोचल्यावर ते शिडी चढायच्या आत सांगायचं. साहेबानं मला फाटकातच अडवलं, अभिनंदन काय, फोटो काय. सुटून आले तोवर बाबा वर पोचले होते. वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला, चल पोरी, करू या सुरुवात. आवाजात आनंद होता.

सळ्यांची जुडी हुकाला लागली. ती हातभर वर उठली. पलीकडे पाच बायका खाली मान घालून तारा पिळत बसल्या होत्या. एक मला बघून हसली.

मी वॉकीटॉकी खाली केला. मोकळ्या जागी, केबिनमधून दिसेल अशी उभी राहिले आणि दोन्ही हात आडवे पसरले. थांब. मग वाटलं, दिसलंच नसेल. वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि म्हटलं, ‘बाबा, थांबा.’

क्रेन थांबली. जुडी जागच्या जागी टांगून राहिली.

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मग त्यांनी जुडी हळूच होती तिथे टेकवली, कपाला कुलूप टेकावं तशी, आवाज न करता. इंजिन बंद झालं. ते उतरायला लागले. वीस मजल्यांची शिडी, दर पायरीवर आधी पाय चाचपायचा, मग टाकायचा. हे मी कित्येक महिने बघत होते आणि समजत होते की वय झालंय.

साहेब धावत आला, काय झालं, लोडमध्ये काय आहे? मी म्हटलं, लोडमध्ये काही नाही. बाबा खाली पोचले, हेल्मेट काढलं, केस नीट केले आणि साहेबाच्या खांद्याकडे बघत म्हणाले, ‘मला मधलं दिसत नाही. तपासणीला पाटी पाठ करून गेलो होतो. हिला माहीत नव्हतं.’

साहेब संतापला. संतापायलाच हवं होतं. माणसं मेली असती, असं तो चार वेळा म्हणाला आणि चारही वेळा बाबांनी हो म्हटलं. तारा पिळणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

घरी येताना आम्ही चालत आलो. मी म्हटलं, माझ्यावर रागावलात? बाबा म्हणाले, पाच वर्षांत तुझा हा सगळ्यात चांगला सिग्नल होता. मग बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, ‘तू जाईपर्यंत रेटायचं असं ठरवलं होतं मी. तू मागे राहिली असतीस, पोरी. चुकलं माझं.’

मी राहिले असते. कालच एक तास राहिले होते.

९ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मधलं गेलेलं परत येणार नाही. कडेचं मात्र राहील, बाबा हिंडतील, फिरतील. क्रेन नाही. क्रेनचा परवाना बाबांनी स्वतः जाऊन जमा केला, मला सोबत येऊ दिलं नाही.

घरात सुतकी कळा आहे. आई मशीनवर असते, बाबा खिडकीपाशी. मी प्रशिक्षणाला जायचं नाही असं आज एकदा बोलून पाहिलं. आईनं कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, तू जर घरी बसलीस तर मी या माणसाला सहा महिने कशाकरता झाकलं? मी मुकाट धावायला गेले. आठ किलोमीटर धावले.

१२ जून

पत्र आलं! यादीत मी आहे. एक जुलैला हजर व्हायचं.

आणि साहेबाचा निरोप. अडीच महिने त्यानं फोन उचलला नव्हता. आता माझ्या जागी दोघं नवे आलेत, त्यांना खुणा येत नाहीत. बाबांनी आठवड्यातून तीन दिवस येऊन शिकवावं, पण हूक चालू असताना कुंपणाच्या आत पाय टाकायचा नाही. बाबा म्हणाले, विचार करून सांगतो. आणि आत जाऊन आरसा पुसायला लागले.

३० जून

वहीचं शेवटचं पान. बसमध्ये लिहितेय, अक्षर उड्या मारतंय.

स्टँडवर आईनं सूचनांचा पाढा वाचला, मोजे, पाणी, फोन, मोजे. कुलूप आणि दोरी बाबांनी माझ्या बॅगेत टाकली होती, ती मला आत्ता सापडली. नऊ नंबरचं कुलूप होतंच, आता दोन झाली.

मी खिडकीशी बसले. बस सुरू झाली तेव्हा बाबा दोन पावलं मागे सरकले, कुणालाही धक्का लागणार नाही अशा मोकळ्या जागी. उजवा हात कोपरातून वर केला, तर्जनी आकाशाकडे केली आणि बारीक वर्तुळात फिरवायला लागले. वर घ्या. साइटवर हजारदा केलेली खूण, पण आजवर ती मी त्यांना करत आले होते.

ते माझ्या मागच्या खिडकीकडे बघत होते. तिथे बसलेले काका गोंधळले, आपल्यालाच कुणीतरी ओळखीचं निरोप देतंय असं वाटून त्यांनीही हात वर केला. मला म्हणाले, कोण आहेत हो ते, माझ्याकडे बघतायत.

मी म्हटलं, माझे वडील आहेत. माझ्याकडे बघतायत.

बस वळेपर्यंत त्यांचा हात खाली आला नाही. मी हात हलवला नाही, सिग्नल मिळाला की हलवायचा नसतो. फक्त मान डोलावली, आणि त्यांनी ती पाहिली.